पाच बोटं

बसाप्पाला मी फसवलं. पंचांनी नाही, नशिबानं नाही – मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. उलट अन्याय माझ्यावरच झाला, असं बाजारभर ओरडत आलो. ओरडणाऱ्याचं लोक खरं धरतात, एवढं धंद्यात शिकलो होतो.

कोल्हापुरात माझी गुळाची अडत. बापाच्या जिवावर नाही, स्वतःच्या घशावर उभी केलेली. चाळिशीला टेकलो तेव्हा गादीवर बसून बसून पोट सुटलं होतं. तालमीतला एक वस्ताद भर चौकात म्हणाला, "शेट, तुमच्या आदी तुमचं प्वाट घरला पोचतंय!" राग माझ्या नाकावरच. दुसऱ्या दिवशी पहाटे धोतर खोचून गडमुडशिंगीच्या रस्त्यानं पळत सुटलो आणि वेशीपाशी ओकलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कुस्तीचं गाव हे – इथं मातीत लोळतो तो मर्द. रस्त्यानं पळतो तो कोण? वेडा.

बसाप्पा निपाणीकडचा, गुळाचा खरेदीदार, हंगामभर कोल्हापुरातच मुक्कामाला. माझ्याच वयाचा, भावावरून माझ्याशी हमरीतुमरीवर येणारा. एका पहाटे तोच मागून पळत आला. "अण्णा, एकटा पळालास तर लोक चोर म्हंत्यात. दोगं पळालो तर शर्यत म्हंत्यात की!" तेव्हापासून आम्ही दोघं. माझ्याशेजारी न भांडता तासभर राहू शकेल असा तो एकच माणूस – हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

पळताना बोलून दम घालवायचा नाही, म्हणून आम्ही बाजाराची रीत उचलली. सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बोटं दाबतात. तोंडानं माणूस हजार थापा मारेल, पण रुमालाखालचं बोट खोटं बोलत नाही. बोललं, तर त्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. किती मैल राहिले ते मी बसाप्पाला तसंच सांगायचो. पोरपणी मी या भागात बैलगाड्या हाकलेल्या. वळण अन् वळण मला पाठ. तो परमुलखातला.

स्वातंत्र्यानंतर दोनतीन वर्षांनी शहरात मॅरेथॉन ठरली. पहिल्या येणाऱ्याला मुंबईच्या शर्यतीला पाठवणार – एकालाच. तरुण पोरं निम्म्या वाटेत गळाली. शेवटी कच्च्या रस्त्यावर आम्ही दोघंच. मैलाचे दगड नाहीत, दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस. माझ्या पोटऱ्यांत गोळे येत होते. आणि तो? मजेत. त्याच्या श्वासावरूनच कळत होतं – मनात आणील तेव्हा हा मला मागे टाकील. त्यानं हात पुढे केला.

राहिले होते दोन मैल. मी पाची बोटं दाबली.

काही वाटलं नाही? वाटलं. त्यानं विश्वासानं मान हलवली, तेव्हा वाटलं. – तरी मी वेग वाढवला. तो मागून हसला, "अण्णा, सावकाश! मरशील की!" पाच मैल आधीच जीव टाकणारा पुढं आयता सापडणार, हा त्याचा हिशेब. चुकीचा होता का? ऊस संपून पंचगंगेचा पूल त्याला दिसला, तेव्हा मी पुलापार, शर्यतीच्या शेवटाला पोचलो होतो.

मी जमिनीवर आडवा पडलो होतो. तो आला, तर त्याला धापसुद्धा नव्हती. लोक म्हणाले, गड्यात जिद्द नाही. मीही पडल्या पडल्या म्हणालो, "दम हाय, पर काळीज न्हाय." तो ऐकत उभा होता.

पुढच्या सौद्याला मी रुमालाखाली हात घातला. त्यानं आपला हात काढून घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पावणं, तुमचा भाव तोंडानं बोला." अण्णा नाही – पावणं. मी त्याला हरलेला, जळका, नाही नाही ते बोललो. त्यानं कारण सांगितलं नाही. का सांगितलं नाही? माझी अब्रू त्यानं का राखली? याचाच मला त्याच्यावर राग होता, आजही आहे.

मुंबईत मी कुठल्या कुठं फेकला गेलो. वय पाहून मागं उभं केलं, म्हणून तिथल्या पंचांशी भांडून आलो. नंतर कितीतरी वर्षं पळालो – सांगलीला, बेळगावला. चारदोन पेले आहेत कपाटात. पहाटेला मात्र जोडीला कुणी आलं नाही. बसाप्पा पुन्हा पळालाच नाही. चाळिशीत सुरुवात करणाऱ्याला असे मोसम मिळतात किती? त्याचा होता तो मी खाल्ला.

गेल्या वर्षी तो वारला. निपाणीला भेटायला गेलो. त्याची बायको म्हणाली, "आमचं मालक तुमच्यासंगं पळायचं म्हणं. कसं पळायचं ओ?" तिला वेडीला एवढंच ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "बरं पळायचे."

मेलेल्या माणसाचाही मी भाव पाडला. बसाप्पा माझ्याहून चांगला धावणारा होता, आणि त्याचं धावणं मी बुडवलं. याचा जाब मीच द्यायचा आहे. कुणी मागितला नाही, म्हणून मी सुटलो असं होत नाही.