माझ्या प्रोग्रामचा डोस

मंडळी, एक विचारायचंय.

बर्मिंगहॅममध्ये मी लहान मुलांची डॉक्टर आहे. वजनावरून औषधाचा डोस काढणारा छोटा प्रोग्राम लिहून मी तो ओपन सोर्स म्हणून ऑनलाइन टाकला होता, कुणीही वापरावा म्हणून.

आज दुपारी एका अनोळखी नर्सचा ईमेल आला. "थँक यू, आमच्या वॉर्डात रोज तुमच्याच प्रोग्रामने डोस काढतो."

वाचताच आठवलं. पौंडांत टाकलेलं वजन तो प्रोग्राम किलो समजायचा, म्हणजे डोस दुपटीहून जास्त. ती चूक मी मागेच दुरुस्त केली, पण फक्त माझ्या लॅपटॉपवर. ऑनलाइन जुनंच व्हर्जन राहिलं.

"वापर थांबवा" असं तिला लगेच कळवलं. अजून उत्तर नाही.

नवरा म्हणतो, "अगं, प्रोग्रामच्या लायसन्समध्ये लिहिलंय ना, नो वॉरंटी. तुझी जबाबदारी नाही."

तिथल्या एखाद्या बाळाच्या आईला मी ते लायसन्स वाचून दाखवू का, सांगा.