वायर सैल नव्हती

साहेबानं माझ्या हाताखालचा कीबोर्ड ओढून घेतला. खिशातून रुमाल काढला. एकेक बटण पुसलं. मग म्हणाला, "राखीव जागेतून खुर्ची मिळते, अक्कल नाही मिळत. तू पुस्तक धर."

मी पुस्तक धरलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चंद्रपूरच्या एका सरकारी कचेरीत मी ऑपरेटर होते. सावली तालुक्यातल्या बौद्ध घरातली, आमच्या वस्तीतली पहिली डिप्लोमावाली. नव्या कॉम्प्युटरवर युनिक्स ही प्रणाली चढवायला हा साहेब बाहेरून आला होता. मशीनला हात लावायची मला बंदी. म्हणून मी मशीनसोबत आलेलं ते जाडं पुस्तक वाचत बसायची. तीनदा वाचलं.

डिस्कचे दोन भाग करायचे होते. एकात जुनं डॉस, दुसऱ्यात युनिक्स. साहेबानं भाग पाडले, एकामागून एक फ्लॉप्या घातल्या. पण मशीननं कोणत्या भागातून सुरू व्हायचं, ती खूण करायला तो विसरला. पडद्यावर दोन्ही भागांपुढची जागा कोरी होती. मी त्याच्या पाठीमागं उभी होते. मला दिसलं.

मी बोलले नाही.

होऊ दे फजिती, असं वाटलं. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मशीन फ्लॉपीवरून सुरू व्हायचं. फ्लॉपी काढली की उठायचंच नाही. दुपारपर्यंत साहेब घामाघूम. आमचे मोठे साहेब दारात येऊन उभे राहिले. तेव्हा यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि त्याची नजर सकरूबाईवर थांबली.

सकरूबाई आमच्याकडं रोजंदारीवर झाडायला होती. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची, गोंड. मी तिच्या लेकीच्या वयाची, तरी मला 'बाई' म्हणायची.

"हिनं झाडताना वायर हलवली," साहेब म्हणाला.

"मी हातबी नाई लावला, भाऊ." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमी तं इथीच होत्या. सांगा ना."

आधीच का सांगितलं नाही म्हणतील, नोकरी जाईल, या भीतीनं माझं तोंड उघडलं नाही.

साहेबानं कागद लिहिला. सफाई कामगाराच्या हलगर्जीपणामुळे वायर सैल झाली. साक्षीदार म्हणून माझ्यापुढं सरकवला. मी सही केली. पूर्ण नावाची, सुवाच्य. सकरूबाईला त्याच दिवशी कामावरून काढलं.

राग माझा साहेबावर होता. पडला तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेला. मी फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं, युनिक्सच्या भागावर खूण केली, फ्लॉपी काढली. मशीन उठलं. एवढंच काम होतं. एवढ्यासाठी एका बाईची रोजी गेली.

साहेब परतला. मोठे साहेबही आले. "बघा, वायर घट्ट केली आणि झालं," तो म्हणाला.

"वायर सैल नव्हती." मी म्हणाले. "सैल असती तर फ्लॉपीवरून सुरू केल्यावर डिस्क दिसली असती का? खूण करायची तुमी विसरले. मले कालच दिसलं होतं. मी चूप राह्यली."

"हळू बोल," साहेब पुटपुटला.

"नाई बोलत हळू."

मोठ्या साहेबांच्या टेबलावर मी दुसरा कागद ठेवला. त्यात त्याची चूक लिहिली. माझी सही खोटी होती, हेही लिहिलं. मला ताकीद मिळाली. त्याला निरोपाचा चहा. सकरूबाईला परत कोणी बोलावलं नाही.

रविवारी बसनं तिच्या गावी गेले. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं.

"तवाच माईत होतं तुमाले?"

"हो."

"मंग तवाच काऊन नाई बोलल्या?"

ती फुलं पसरत राहिली. मला बस म्हणाली नाही.

माफी मागायला गेले होते. मागितली नाही. मागितली असती तर तिनं देऊनही टाकली असती, आणि मी हलकी होऊन घरी आले असते. मला हलकं व्हायचं नाही. ज्यानं माझा अपमान केला, त्याला माझं गप्प बसणं लागलंच नाही. ते लागलं माझ्याहून खाली ढकललेल्या बाईला. सूड म्हणून मी पुन्हा कधी गप्प बसणार नाही, भीती म्हणूनही नाही. दिसलं की बोलायचं. त्याच घडीला, सगळ्यांसमोर. नोकरी जाते तर जाऊ दे.