उपडी टोपली

कुणाच्या अंगणात टोपली उपडी पडलेली दिसली की मी अजून नजर चुकवतो.

जव्हार संस्थानात मी जंगलखात्याचा कारकून होतो. सूर्यमाळच्या राखीव रानात कुणीतरी सांबर मारलं आणि संशयावरून पाड्यावरचा एकजण बांधून आणला. माग काढायला पोशेऱ्याचा एक म्हातारा बोलावला होता. त्याचं नावही मी विचारलं नाही.

पाऊल सापडलं की ते गुरांनी तुडवू नये म्हणून तो त्यावर टोपली उपडी घालायचा. सांबराजवळचं अनवाणी पाऊल त्याने गवताच्या काडीने मापलं आणि शेजारी स्वतःचा पाय ठेवला.

"बघ रावसाहेब, आमची बोटां फाकलेली. हा पाय रोज बुटात ऱ्हातो. शिकारीपुरता बूट काढला हाय."

आदल्या दिवशी आमचे साहेब बूट हातात धरून रानात शिरताना मी पाहिले होते. मी पुढे झालो, त्या पावलावर बूट घासला आणि पंचनाम्यात लिहिलं, 'पाऊल आढळले नाही.' बांधलेल्या माणसाला जव्हारच्या कोठडीकडे नेलं.

म्हाताऱ्याने टोपली उचलली आणि माझ्या बुटाच्या ठशावर हलकेच उपडी घातली.