एकोणचाळीस

सौंसरहून येणाऱ्या पहिल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला. आईचा ताप डोक्यात गेलाय, लगेच ये. तीच मोटार सात वाजता परत निघणार होती. मी पांढुर्ण्याबाहेरच्या सरकारी कपाशीच्या प्लॉटवर नोकरीला होतो, घर रामाकोन्याला.

मी त्या मोटारीनं गेलो नाही. ड्रायव्हरला म्हटलं, मागून येतो. आदल्या दुपारी अमेरिकन कपाशीच्या तीसेक कळ्यांतले पुंकेसर चिमट्यानं काढून त्यांवर कागदी पिशव्या चढवल्या होत्या. संकरासाठी त्यांना सकाळीच देशी कपाशीचा पराग लावावा लागतो. कपाशीचं फूल एकच दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी लाल पडून मिटतं. मी एकेक पिशवी काढली, पराग लावला, चिठ्ठी बांधली. दहाच्या मोटारीनं निघालो.

घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

"काऊन उशीर झाला रे?" वडिलांनी विचारलं.

"सातची मोटार चुकली."

"तू येऊन राहिला म्हणून सांगितलं होतं तिले. दाराकडं तोंड करून होती."

मी मान हलवली. आतून काहीच वर आलं नाही. तेरा दिवस मी सांगतील ते केलं. वाढलं ते खाल्लं. बहीण रडायची आणि माझ्याकडं बघायची. पुढं तिनं बघणं सोडलं.

परत आलो तर चिठ्ठ्या बांधलेली बोंडं गळून मातीत पडली होती. एकच राहिलं होतं. ते पिकल्यावर त्यातलं बहुतेक बी पोचट निघालं, एक भरलेलं होतं. पुढच्या हंगामात ते लावलं. झाड दोन्ही जातींहून उंच झालं, फुलांनी लदबदलं, पण बोंड एकही धरलं नाही.

नागपूरहून आमचे साहेब महिन्यातून एकदा रेल्वेनं यायचे. त्यांनी झाडाची कळी तपासायला नेली आणि पुढच्या खेपेला काडीनं मातीत रेघा ओढून मला समजावलं. देशी कपाशीच्या पेशीत सव्वीस गुणसूत्रं, अमेरिकनच्या बावन्न. त्या बावन्नांतली निम्मी आपल्या देशीच्या चुलत घराण्यातली. फार जुन्या काळी ते घराणं समुद्रापलीकडच्या एका रानकपाशीशी मिसळलं आणि दोघांचा सगळा संच एकाच झाडात राहून गेला.

"समुद्रापलीकडं गेलं कसं, साहेब?"

"कोणालाच नक्की ठाऊक नाही. पण तेव्हापासून दोन्हीकडं बदल होत गेले. ह्या तुमच्या झाडात एकोणचाळीस आहेत. तेरांना जोडीदारच नाही. पराग तयार होतानाच घोळ होतो."

मी वहीत एकोणचाळीस लिहिलं. झाड तसंच राखलं.

त्यानंतरच्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. साहेबांचं येणं बंद झालं. भोपाळहून हिंदीत पत्र आलं: प्लॉट बंद, शेत मोकळं करा. सावरगावचे दोन मजूर लावून मी झाडं उपटायला लागलो, त्या दिवशी वडील काही कामानं पांढुर्ण्याला आले होते. ते बांधावर येऊन उभे राहिले.

"हे एवढं मोठं झाड, अन् याले बोंडं काऊन नाही?"

मी गुणसूत्रांचं सांगायला लागलो. मधेच थांबलो आणि म्हणालो, "आई गेली त्या सकाळचं आहे हे. मोटार चुकली नव्हती, बाबा. मी फुलांसाठी थांबलो होतो."

मजुरांचं काम चालू होतं. वडिलांनी एक पान तोडलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "त्याच ड्रायव्हरनं सांगितलं होतं. तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

"मला रडू नाही आलं. आताही येत नाही."

"मग काय करू आता मी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांनी धोतर वर खोचलं आणि मजुरांच्या रांगेत वाकून झाडं उपटू लागले. मीही त्यांच्या शेजारी वाकलो. संध्याकाळपर्यंत शेत रिकामं झालं. पुढच्या आठवड्यात माझी बदली बैतूलला झाली, गव्हाच्या कामावर.