आईला समुद्र दाखवला तो दिवस

आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं आणि आमच्या मलकापूरच्या घरातलं हसणंच बंद झालं. जेवता जेवता ती मध्येच हात थांबवायची आणि म्हणायची, "मी नाही बाई त्या टेबलावर जात." तिच्यासाठी मी शेगावच्या वाऱ्या केल्या, पण खरं सांगते, हात जोडले तरी आतून काही निघत नव्हतं. ऐकणारं कुणी आहे का, हीच शंका. मग एका सकाळी आई आपणहून म्हणाली, "मले आधी समुद्र दाखव. मंग तू म्हनशीन तिथं चालीन." जन्मभर कपाशीची वावरंच पाहिलेली बाई ती! डॉक्टरांना विचारलं. दगदग होऊ देऊ नका, पण अवश्य न्या, म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत माझे यजमान आणि मी तिला गाडीनं कोकणात घेऊन गेलो. पोचलो त्या दिवशी नुसती विश्रांती घेतली. दुसरा सबंध दिवस समुद्राकाठच्या रस्त्यानं हिंडायचं ठरलं. आई पुढच्या सीटवर. एक वळण घेतलं आणि खाली एकदम निळं पाणी दिसलं, तशी ती सीटवरून उठायलाच लागली. "अवं माय! हे सरते कुठं?" मग काय विचारता! झाडांतून पाणी डोकावलं की, "थांबवा, जवाईबापू!" खाडीवरचा पूल आला की पुन्हा, "थांबवा!" कापलेली भातशेतं, तांबडी माती, वाळत घातलेली जाळी, सगळं तिला दोनदोनदा पाहायचं होतं. कितीतरी महिन्यांनी ती इतकी बोलत होती, आणि मीही लहान पोरीसारखी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होते.

दुपार कलल्यावर एक मोकळा किनारा लागला. आईला पाण्यात पाय बुडवायचे होते, पण वाळूत तिला चालवेना. ओल्या, घट्ट वाळूवर आधीच्या गाड्यांच्या चाकांचे माग होते, म्हणून यांनी गाडी खाली घातली. पाण्याजवळ पोचतो न पोचतो तोच चाकं रुतली. जितका जोर द्यावा तितकी ती आणखी खोल. आणि भरती सुरू झालेली. यांनी आईला उचलून वर कोरड्या वाळूत आणलं, पण घाबरून तिला धाप लागली होती. गोळी दिली, तरी ओठ पांढरेच. फोनला रेंज नाही, गाव मागे राहिलेलं, आणि तिला दवाखान्यात न्यायला जी गाडी, ती पाण्याच्या तोंडाशी. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्या वेळी कसली प्रार्थना सुचणार? एवढंच म्हटलं, "महाराज, मी हात टेकले. आता तुम्ही बघा."

थोड्या वेळानं सुरूच्या झाडांमागून एक पिकअप आली. मागे कापसाच्या गोण्या आणि पिंजायचं यंत्र. उतरलेला दाढीवाला माणूस लांबूनच ओरडला, "काऊन हो, गाडी आंघोळीले आणली का?"

आमची भाषा! इथं, समुद्रावर! मला रडूच फुटलं. तो रहीमभाई, लोणारकडच्या सुलतानपूरचा. पाऊस संपला की कोकणात गावोगाव गाद्या भरत फिरणारा. आईकडे नजर जाताच त्याची थट्टा थांबली. एक नवी गादी काढून त्यानं वाळूवर अंथरली, आईला तिच्यावर टेकून बसवलं. मग हॉर्न वाजवून झाडीपलीकडच्या कोळ्यांना बोलावलं. चाकांखाली रिकामी पोती सरकवली, दोर बांधला. "भाऊ, जोर नका लावू तुम्ही," तो यांना म्हणाला, "नुसतं स्टेअरिंग धरा. आमी ओढतो." आणि गाडी निघाली! कोळ्यांनी आरोळी ठोकली, मी टाळ्या पिटल्या.

आईचा श्वास तोवर खाली बसला होता. ती म्हणाली, "महाराजानं धाडलं तुले."

"धाडलं असंन, आई," रहीमभाई हसला. "मी तं रस्ता चुकलो असंच समजून राह्यलो होतो."

आम्ही तिला उचलून गाडीत बसवणार, इतक्यात एक मोठी लाट धावत वर आली आणि तिच्या पावलांवर पसरून परत गेली. आई दचकली, आणि मग खळखळून हसली. "पाह्य," म्हणाली, "आपण समुद्राकडं जाऊन राह्यलो होतो, तं थोच आला."

ऑपरेशनच्या दिवशी तिला कुणाला समजवावं लागलं नाही. स्ट्रेचरवरून जाताना मलाच म्हणाली, "तू चहा पिऊन घे." आज ती बरी आहे, अंगणात फिरते. रहीमभाई रस्ता चुकला की त्याला कुणी वळवलं, याचा निवाडा मी करत नाही. माझ्या हातात काही उरलं नव्हतं तेव्हा मला सांभाळलं गेलं, एवढं मी जाणते. परवा आईला घेऊन शेगावला गेले. रांगेतून सरकत सरकत समाधीपुढे आले, हात जोडले, आणि लक्षात आलं, मागायचं काही सुचतच नाहीये. मागून लोक म्हणत होते, "चला, माउली, पुढं चला." मी हसतच पुढे सरकले.