काळ्या कापडाखालचा आकडा

"माझी बायको मुलांची मूत्रपिंडं मोजते," असं सांगितलं की गिऱ्हाईक आधी हसतं, मग माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघतं. मी शिंपी. घरात मापं घेणारे दोघं, पण मान तिचा, आणि हे कोणी विचारो न विचारो, मी सगळ्यांना सांगतो.

मुलांच्या दवाखान्यात ती सोनोग्राफी करते. जन्मतः एकच मूत्रपिंड असलेल्या मुलांवर तिथे संशोधन चालू आहे. दोघांचा भार एकट्याने ओढायचा तर त्या एकाला जास्त वाढावं लागतं. ते वाढतंय का, हे दरवर्षी बघतात. शेजारच्या खोलीत धुळीने शिंका नि धाप लागणाऱ्या मुलांचा अभ्यास. दुकानातल्या कापडाचं तूस अंगावर घेऊन तिथे गेलो की बायको मला दारातच सतरंजीसारखं झटकते.

तिची एक खोड आहे. पडद्याच्या कोपऱ्यात मुलाचं मागच्या वर्षीचं माप दिसतं, त्यावर ती कापड टाकते. म्हणते, मागचा आकडा दिसला की वाढ दाखवायच्या ओढीने हात त्याच्यापुढे धावायला बघतो. डॉक्टरांनी पुढे तो नियमच केला, आणि सगळ्या खोल्यांसाठी काळी कापडं मी शिवली. संशोधनात माझाही हात आहे, असं मी म्हणतो. ती म्हणते, हात नाही, कात्री.

आमची नात, भिंगरी, हिला एकच मूत्रपिंड आहे. गेल्या वर्षी ते जेमतेम वाढलं होतं. यंदाही अडलं तर पुढे जड औषधं, कदाचित त्याहून वाईट. मुलगा-सून आठवडाभर नीट जेवले नव्हते. बायको म्हणाली, "मी मोजणार नाही. माझा हात आजीचा आहे." तिनेच तयार केलेल्या तंत्रज्ञ मुलीने मोजलं. आम्ही भिंतीला चिकटून उभे.

"बाई, छान वाढलंय," मुलगी म्हणाली. सुनेने डोळ्यांना पदर लावला. माझा जीव भांड्यात पडला.

बायको मात्र टेबलाकडे बघत होती. काळं कापड तिथे घडी करून ठेवलेलं होतं.

"कापड का काढलंस?"

मुलगी ओशाळली. "तुमची नात म्हणून... राहवलं नाही."

"पुन्हा मोज. कापड टाकून."

"आई, चांगलं आलंय ना," मुलगा वैतागला. "कशाला उकरून काढतेस?"

"चांगलं आलंय म्हणूनच."

त्या क्षणी मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. भिंगरी पुन्हा आडवी झाली, पोटावर पुन्हा गार जेल. आकडा पहिल्यापेक्षा उतरला. मग बायकोने स्वतः कापड उचललं आणि मागचा आकडा वाचला. वाढ झाली होती. पहिल्यांदा सांगितली तेवढी नाही, पण हवी तेवढी.

"आता रड," ती सुनेला म्हणाली.

अशी बाई माझ्या घरात आहे. ऊर भरून येतो, दुसरं काय.

संध्याकाळी मी भिंगरीच्या फ्रॉकचं माप घ्यायला बसलो. माझी सवय, मुलांच्या कपड्यात वाढीसाठी चार बोटं जादा ठेवायची. आज मी तिच्या शिस्तीला जागून म्हणालो, "बरोबर मापाचाच शिवतो."

बायकोने माझ्या हातातला खडू घेतला आणि कापडावर स्वतः रेघ ओढली, चांगली वीतभर खाली.

"पोर वाढणार आहे," ती म्हणाली.