गजराबाईचे नऊ दिवस

रनाळ्याच्या गजराबाईचं नाव निघालं की आजही माझी मान खाली जाते. जायलाच पाहिजे.

मी अजीज, नंदुरबारच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. गोष्ट अडतीस सालची. गजराबाई साठीची, भलती कजाग. मिरचीचा भाव करताना व्यापाऱ्याला घाम फोडायची. तिच्या छातीत कॅन्सरची गाठ होती आणि आत पाणी साचायचं. डॉक्टर आठवड्याला सुईने ते काढत, बाटली मी धरायचो. पाण्याचा रंग पाहून माणूस किती दिवसांचं ते मी सांगायचो. बहुतेक वेळा जुळायचं. डॉक्टर स्वतः कधी असं बोलत नसत, मीच आगाऊ! लोक माझ्या शब्दाचं कौतुक करत आणि मी फुगायचो.

त्या मंगळवारी बाटली लालभडक झाली. तिचा मुलगा हिलाल काही विचारायच्या आत मी बोलून गेलो, "घरी ने. उद्या मावळेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी त्याने आईला खाटेवरून सारवलेल्या जमिनीवर आडवं घेतलं, तोंडात तुळशीचं पाणी घातलं. दिवस मावळला. बाई जिवंतच! पण मरणासाठी एकदा खाली घेतलेलं माणूस त्यांच्या घरात पुन्हा उठवून खाटेवर ठेवत नसत, अपशकुन म्हणून. आणि अशा रोग्याला आडवं केलं की जीव गुदमरतो, त्याला बसतंच ठेवावं लागतं. हे मला माहीत होतं. हिलालला नव्हतं.

चौथ्या दिवशी तो आला. "अजीजभाऊ, मायले भलती धाप लागस. आखो किती दिन?"

तेव्हाच म्हणायचं होतं, चुकलो रे बाबा, उठव तिला. पण बाकावर चार माणसं ऐकत बसलेली. मी म्हणालो, "आजचाच दिवस." हरामखोरपणा, दुसरं काय!

नवव्या दिवशी सकाळी मला राहवेना. रनाळ्याला गेलो. बाई उताणी पडलेली, ओठ निळे, सून वारा घालतेय. मी ओरडलो, "मी खोटं बोललो! बसवा हिला!" हिलाल जागचा हलेना. मग मीच तिला उचलून खाटेवर बसवलं, पाठीशी गोधड्या लावल्या. हळूहळू तिला श्वास पुरू लागला.

तिने माझा हात धरला. वाटलं, आता शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या.

ती म्हणाली, "माफ कर भाऊ. मन्हामुये तुन्हा शबद खोटा पडना."